साहित्य-संशोधनाला टोकियोत येताय?

एप्रिल जवळ आला की पुण्या-मुंबईहून फोन सुरू होतात आणि पहिला प्रश्न राहण्या-खाण्याचा असतो. तो आधी उरकते. खोलीत राहायला गेलात की १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवा आणि त्याच फेरीत आरोग्य विमा घ्या, म्हणजे दवाखान्याच्या बिलातले ३० टक्केच तुम्हाला भरावे लागतात. परवानगी काढली तर आठवड्याला २८ तास काम करता येतं. डाळी-पिठं टोकियोतल्या निशिकासाई भागात मिळतात.

आता अभ्यासाचं. बहुतेकांना आधी ‘केन्क्यूसेई’, म्हणजे संशोधक विद्यार्थी, म्हणून प्रवेश मिळतो. त्याची पदवी मिळत नाही, एमएची प्रवेश परीक्षा वेगळी द्यावी लागते. घरच्यांना हे निघायच्या आधीच नीट सांगा. इथे रात्र-रात्र वाचत बसलेलं असताना फोनवर “अजून ॲडमिशन नाहीच का?” हे ऐकणं फार जड जातं.

माझ्या पहिल्या झेमीत, म्हणजे प्राध्यापकांसोबतच्या चर्चावर्गात, मी आकुतागावा या जपानी लेखकाच्या ‘राशोमोन’ कथेवर बोलले. वर्गात वाटायचं सहा पानांचं टिपण (इथे त्याला रेज्युमे म्हणतात) होतं, सगळी तात्त्विक मांडणी. सेन्सेईंनी, म्हणजे प्राध्यापकांनी, शांतपणे विचारलं, “हा शेवट कुठल्या प्रतीतला?” मी माझं बुंको, म्हणजे खिशात मावणारी स्वस्त आवृत्ती, पुढे केलं. त्यात शेवटची ओळ अशी आहे की कथेतला नोकर कुठे गेला ते कोणालाच माहीत नाही. त्यांनी १९१५ च्या ‘तेइकोकु बुंगाकु’ मासिकातल्या पानाची झेरॉक्स माझ्याकडे सरकवली. तिथे तोच नोकर पाऊस अंगावर घेत क्योटोत दरोडा घालायला घाईघाईने निघालेला आहे! लेखकाने ती ओळ १९१८ च्या आवृत्तीत बदलली. माझं अर्धं विवेचन बदललेल्या ओळीवर उभं होतं आणि मी ते १९१५ च्या जपानला लावत होते.

म्हणून कळकळीने सांगते, विषय पक्का करण्याआधी ‘शोशुत्सु’, म्हणजे पहिल्यांदा छापून आलेला मजकूर, स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. त्यासाठी नागाताचोच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयाचं कार्ड पहिल्याच महिन्यात काढा. तिथून पुस्तक घरी नेता येत नाही. मोठी बॅग लॉकरमध्ये ठेवायची आणि वही-लॅपटॉप पारदर्शक पिशवीत घेऊन आत जायचं. पण नोंदणी झाली की बाजारात न मिळणारी कितीतरी जुनी पुस्तकं घरबसल्या स्क्रीनवर वाचता येतात. हस्तलिखितं आणि जुनी मासिकं यांसाठी कोमाबाचं आधुनिक जपानी साहित्य संग्रहालय आहे, १९६७ पासूनचं. बागेतली ती शांत वास्तू मला या शहरात सगळ्यात जवळची वाटते.

एन-वन, म्हणजे जपानीची सगळ्यात वरची परीक्षा, पास झालेली मुलंही या जुन्या पानांवर अडखळतात, कारण १९४६ च्या लिपी-सुधारणांआधीच्या कांजी (चिनी मुळाची चिन्हं) आणि काना (जपानी उच्चारांची अक्षरं) दोन्ही वेगळ्या वळणाच्या आहेत. आओझोरा बुंको या मोफत संकेतस्थळावर जुन्या लेखनातल्या प्रतीही आहेत. निघायच्या आधीच रोज एक पान मोठ्याने वाचायची सवय लावा.

चिनी साहित्यावर काम करणाऱ्यांनीही जपानीचा कंटाळा करू नये. आधुनिक चिनी लेखक लू शुन १९०२ मध्ये टोकियोत आले, १९०४ मध्ये सेंदाईला वैद्यक शिकायला गेले आणि ते सोडून लेखनाकडे वळले. पुढे १९२१ मध्ये त्यांनीच ‘राशोमोन’ चिनीत आणली. तेव्हा त्यांच्या टेबलावर कुठली प्रत होती? एवढ्या प्रश्नातून एमएचा प्रबंध उभा राहू शकतो आणि तो लिहायला दोन्ही भाषा लागतात. चिनी पुस्तकांसाठी जिंबोचोत, म्हणजे टोकियोतल्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात, उचियामा शोतेन हे दुकान आहे. त्याच नावाच्या शांघायमधल्या दुकानात लू शुन नेहमी येऊन बसत.

जिंबोचोतली जुन्या पुस्तकांची बहुतेक दुकानं रस्त्याच्या दक्षिण बाजूला आहेत. तोंड उत्तरेला असल्यामुळे पुस्तकांवर ऊन येत नाही. संसद ग्रंथालय रविवारी आणि महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी बंद असतं. तो बुधवार जिंबोचोसाठी राखून ठेवा.