वॉटसन-ग्लेसर चाचणी: पाच विभाग, पाच मापं

लंडनच्या एखाद्या मोठ्या लॉ फर्मकडे व्हेकेशन स्कीम (सुट्टीतली इंटर्नशिप) किंवा ट्रेनिंग काँट्रॅक्टसाठी (वकील होण्याआधीची प्रशिक्षणाची नोकरी) अर्ज केला की पुष्कळदा ईमेलवर एका ऑनलाइन चाचणीची लिंक येते. 40 प्रश्न, 30 मिनिटं, आणि कायद्याचा प्रश्न एकही नाही. ही बहुधा वॉटसन-ग्लेसर क्रिटिकल थिंकिंग अप्रेझल, म्हणजे तर्कशुद्ध विचाराची चाचणी असते. प्रकाशक पिअर्सन टॅलेंटलेन्स. क्लिफर्ड चान्स, लिंकलेटर्स यांसारख्या फर्मनी ती वापरलेली आहे. भारतातल्या लॉ कॉलेजातून लंडनला थेट अर्ज करणाऱ्यालाही हीच चाळणी लागते. तयारीला बसण्याआधी मेलमध्ये चाचणीचं नाव मात्र नक्की बघा. काही फर्म वेगळ्याच चाचण्या घेतात आणि त्यांचा सराव निराळा.

चाचणीचे पाच विभाग आहेत: इन्फरन्स 5 प्रश्न, असम्प्शन 12, डिडक्शन 5, इंटरप्रिटेशन 6 आणि आर्ग्युमेंट्स 12. हुशार मुलंसुद्धा इथे अडकतात, कारण प्रत्येक विभागाचं माप वेगळं असतं आणि आपण एकाच मापाने सगळं मोजत सुटतो. म्हणून प्रत्येक विभागाच्या आधीची सूचना वाचायचीच, दहाव्या सरावातही.

इन्फरन्समध्ये पाच पर्याय असतात: खरं, बहुधा खरं, माहिती अपुरी, बहुधा खोटं, खोटं. समजा उतारा असा आहे: एका फर्मने 200 कर्मचाऱ्यांना आठवड्यातून दोन दिवस घरून काम करायची मुभा दिली, 150 जणांनी ती घेतली, आणि पुढच्या तिमाहीत राजीनामे 12 वरून 5 वर आले. ‘निम्म्याहून जास्त लोकांनी मुभा घेतली’ हे खरं. ‘मुभा घेतलेल्यांपैकी काहींचा प्रवासाचा वेळ वाचला’ हे उताऱ्यात कुठेही नाही, पण कुणालाही पटेल, म्हणून बहुधा खरं. ‘राजीनामा देणाऱ्या पाचही जणांनी मुभा घेतली नव्हती’ याला माहिती अपुरी. सर्वसामान्य व्यवहारज्ञान वापरायची परवानगी फक्त याच विभागात आहे. तीही सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टींपुरती. तुम्ही काल पेपरात वाचलेल्या आकडेवारीपुरती नाही.

असम्प्शनला एकच युक्ती पुरते: गृहीतक उलटं करा आणि मूळ विधान कोसळतं का बघा. ‘नव्या ट्रेनींना चांगले मसुदे लिहिता यावेत म्हणून पहिल्याच महिन्यात कार्यशाळा घेऊ.’ यात ‘कार्यशाळेने मसुदालेखन सुधारू शकतं’ हे गृहीत आहे का? उलटं करा: कार्यशाळेने काहीच सुधारत नाही. मग योजनेला अर्थच उरत नाही, म्हणजे गृहीत आहे. ‘सध्या एकाही ट्रेनीला मसुदा लिहिता येत नाही’ हे? उलटं करा: दोघातिघांना येतो. योजना तरीही उभीच राहते, म्हणजे गृहीत नाही. गृहीतक खरं आहे का, शहाणपणाचं आहे का, हा प्रश्नच विचारलेला नसतो. शिवाय एका विधानाखालची तिन्ही गृहीतकं ‘आहे’ असू शकतात, किंवा तिन्ही ‘नाही’. क्लॅटच्या (भारतातल्या लॉ प्रवेश परीक्षेच्या) सरावातून आलेल्यांना चारांतून एक निवडायची सवय असते. ती इथे नडते, कारण प्रत्येक ओळीचा निवाडा स्वतंत्र असतो.

डिडक्शन सगळ्यात कोरडं आणि म्हणून सगळ्यात हातात येण्याजोगं. ‘काही वकील मराठी बोलतात. मराठी बोलणारे सगळे देवनागरी वाचतात.’ मराठी बोलणाऱ्या कित्येकांना अक्षरओळखही नसते हे तुम्हाला माहीत आहे, पण ते ज्ञान दाराबाहेर ठेवायचं. ‘काही वकील देवनागरी वाचतात’ हा निष्कर्ष निघतो. ‘काही वकील देवनागरी वाचत नाहीत’ हा निघत नाही. घोळ होतो तो ‘सम’ (some, म्हणजे काही) या इंग्रजी शब्दात. मराठीत ‘काही मुलं पास झाली’ ऐकलं की कान लगेच ‘म्हणजे काही नापास’ असं जोडून टाकतो. चाचणीत ‘सम’ म्हणजे किमान एक, कदाचित सगळेसुद्धा.

उलट एका ठिकाणी मराठी आपल्या बाजूने आहे. ‘इफ’ आणि ‘ओन्ली इफ’ इंग्रजीत वाचताना निसटतात. मनातल्या मनात ‘तर’ आणि ‘तरच’ म्हणा. ‘पदवी असेल तरच मुलाखत’ यावरून मुलाखतीला आलेल्याकडे पदवी आहे एवढंच कळतं. पदवीवाल्या प्रत्येकाला मुलाखत मिळते असं नाही. त्या एका ‘च’वर दोनेक गुण सहज वाचतात. ‘अनलेस’ दिसलं की ‘नसेल तर’ करून घ्या.

इंटरप्रिटेशन डिडक्शनसारखं दिसतं, पण माप थोडं सैल आहे: निष्कर्ष वाजवी संशयापलीकडे निघाला की पुरे. इथले सापळे बहुतेक आकड्यांचे असतात. ‘80 पैकी 30 अर्जदार उत्तीर्ण झाले, त्या 30 पैकी 24 जणांनी सराव केला होता.’ यावरून ‘सरावामुळे उत्तीर्ण होण्याची शक्यता वाढते’ असं म्हणता येत नाही. उरलेल्या 50 पैकी किती जणांनी सराव केला होता ते कुठे सांगितलंय? कदाचित पन्नासही जणांनी केला असेल.

आर्ग्युमेंट्समध्ये युक्तिवादातलं विधान खरं मानूनच चालायचं आणि दोनच गोष्टी तपासायच्या: तो मूळ प्रश्नाला थेट भिडतो का, आणि मुद्दा वजनदार आहे का. प्रश्न: 16 व्या वर्षी मताधिकार द्यावा का? ‘हो, कमावून कर भरणाऱ्याला त्या कराच्या खर्चाबद्दल मत देता यायला हवं’ हा सबळ. ‘नाही, मुलं फोनवर फार वेळ घालवतात’ हा दुबळा, विषयाशी संबंध नाही. ‘नाही, मतपत्रिका जास्त छापाव्या लागतील’ याचा संबंध आहे, पण मुद्दा किरकोळ, म्हणून हाही दुबळा. स्वतःची राजकीय मतं या विभागात हमखास डोकावतात. जो युक्तिवाद वाचून चीड आली तो पुन्हा एकदा वाचा.

तयारीला दहा-बारा दिवस पुरेत. पहिला संच घड्याळ न लावता सोडवा आणि विभागवार गुण लिहा. एकूण आकड्यावरून काही कळत नाही. मग प्रत्येक चुकीसमोर कारण लिहा: बाहेरचं ज्ञान घुसलं, शब्द चुकीचा वाचला, दुसऱ्या विभागाचं माप लावलं, की वेळ संपली. तीन-चार दिवसांत एकच कारण पुन्हापुन्हा दिसू लागतं. पुढचा सराव फक्त त्याचा. प्रकाशकाचे नमुना प्रश्न आधी करा. इतरत्र मिळणाऱ्या फुकट संचांत उत्तरंच चुकलेली असू शकतात, म्हणून ज्यात स्पष्टीकरण नाही तो संच सोडून द्या.

नंतर वेळ लावा. अंदाजे वाटणी: इन्फरन्सला 6 मिनिटं, असम्प्शनला 7, डिडक्शनला 5, इंटरप्रिटेशनला 6, आर्ग्युमेंट्सला 6. प्रश्नामागे सगळ्यात जास्त वेळ खातो तो पहिला विभाग, कारण ‘बहुधा खरं’ की ‘माहिती अपुरी’ या घोळात मिनिटं जातात आणि शेवटचे बारा सोपे प्रश्न धावतपळत उरकावे लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा कोरं काही सोडू नका.

निकाल तुलनेने लागतो: तुमचे गुण एका ठरावीक गटाशी ताडून पर्सेंटाइल काढतात आणि रेषा कुठे मारायची ते फर्म ठरवते. त्यामुळे ‘40 पैकी किती हवेत’ याचं एक उत्तर नाही.

डिस्लेक्सियासारखी अडचण असेल तर जादा वेळ मागता येतो, पण लिंक उघडण्याआधी. आणि मुदत ब्रिटिश वेळेने मोजतात. रात्री 11:59 म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात दुसऱ्या दिवशी पहाटेचे 5:29, उन्हाळ्यात 4:29. त्या वेळेवर विसंबू नका. आदल्या दिवशी सकाळी, मोबाइलचं हॉटस्पॉट हाताशी ठेवून, लॅपटॉपवर बसा.