बारावीची मुलं हाउसमधून जातात तेव्हा: नव्या हाउसमास्टरसाठी

जानेवारी संपत आला की अकरावीची पोरं बारावीच्या निरोप समारंभासाठी स्टेजची लांबी-रुंदी मोजायला लागतात. बारावीतली मुलं एकमेकांचे ब्लेझर अंगावर चढवून आरशासमोर उभी राहतात. मुलींनी सुट्टीहून येताना आईची साडी पेटीच्या तळाशी घालून आणलेली असते. या दिवसांत नव्या हाउसमास्टरची काय धांदल होते ते मी भोगलं आहे. यंदा ज्यांची पहिलीच बॅच बाहेर पडते आहे अशा दोघा-तिघांनी विचारलं, म्हणून हे लिहितोय.

मी मराठवाड्यातल्या एका जवाहर नवोदय विद्यालयात, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेत, केमिस्ट्री शिकवतो. अकरा वर्षं झाली, त्यातली नऊ हाउसमास्टर म्हणून. सहावीला ८० मुलं येतात, अरावली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी अशा हाउसमध्ये, म्हणजे एकत्र राहणाऱ्या गटांत, वाटली जातात, प्रत्येक हाउसची काळजी एक शिक्षक हाउसमास्टर म्हणून घेतो, सात वर्षं राहतात, हे सगळं तुम्हाला माहीतच आहे. १९८५-८६ मध्ये झज्जर आणि अमरावतीला पहिली दोन विद्यालयं उघडली, तेव्हापासून ही ये-जा चालूच आहे. त्यामुळे मूळ मुद्द्यावर येतो, कारण तो मला कुणी सांगितला नव्हता.

निरोप समारंभाच्या दिवशी कुणीही जात नाही.

ऐकायला साधं वाटतं, पण नवा माणूस नेमका इथेच फसतो. समारंभ जानेवारीच्या शेवटी नाहीतर फेब्रुवारीच्या सुरुवातीला होतो. प्रॅक्टिकल आटोपत आलेल्या असतात आणि बोर्डाचे पेपर फेब्रुवारीच्या मध्यापासून असतात. आपण भाषण करतो, मुलं रडतात, आपणही रडतो, फोटो निघतात, मेसमध्ये गुलाबजाम असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच मुलं दात घासत आपल्यासमोर उभी! रोल कॉल आहे, रात्रीची सुपरवाइज्ड स्टडी आहे, बादली चोरीला गेल्याची तक्रार आहे. तुमच्या मनात मात्र निरोप उरकलेला असतो. भाषण झालं, डोळे पुसून झाले, खातं बंद झालं.

खरं जाणं पुढे दोन महिने चालतं, तेही एकेकाचं. बोर्डाचं वेळापत्रक एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लांबतं, पण प्रत्येकाचा शेवटचा पेपर वेगळा असतो. ज्याला बायोलॉजी आहे तो एका तारखेला मोकळा होतो, ज्याला कॉम्प्युटर आहे तो दुसऱ्या. कुणाचे वडील पेपर सुटायच्या आधीच गेटवर जीप लावून उभे असतात. मूल पेपर देऊन येतं, जेवतं, गादी गुंडाळतं, पेटी उचलतं आणि तासाभरात सात वर्षं संपतात. त्या तासाला तुम्ही कुठे असता? दुसऱ्या केंद्रावर पर्यवेक्षक म्हणून, पेपर तपासायला, नाहीतर सातवीच्या वर्गात. तुमची चूक नसते, पण मूल तुमच्या खोलीचं कुलूप बघून जातं.

माझ्या पहिल्या बॅचमध्ये एक मुलगा होता. आई-वडील ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की जोडपं कोयत्यावर जायचं ते थेट मार्च-एप्रिलमध्ये परतायचं. सात वर्षांत त्याच्या पालक सभेला कधी आजी यायची, कधी कुणीच नाही. निरोप समारंभाला मी त्याच्याबद्दल स्टेजवरून पाच मिनिटं बोललो होतो. चांगलं बोललो होतो, लोकांनी नंतर येऊन तसं सांगितलं.

मार्चमध्ये त्याचा शेवटचा पेपर होता त्या दिवशी माझी ड्युटी शहरातल्या दुसऱ्या केंद्रावर होती. दीडला पेपर सुटला, उत्तरपत्रिका मोजून, सील करून दोन-सव्वादोनपर्यंत मी मोकळा झालो. मग ड्युटीवरचे बाकीचे सहकारी म्हणाले, जेवून जाऊ. मी थांबलो. निवांत जेवलो, वर चहा घेतला. विद्यालयात पोचलो तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

गेटवरच्या चौकीदार मामांनी मला चार घड्या घातलेला कागद दिला. त्याचा नो ड्यूजचा, म्हणजे शाळेचं काही देणं बाकी नाही असं लिहून घ्यायचा फॉर्म होता. लायब्ररी, लॅब, स्पोर्ट्स, स्टोअर, मेस, सगळ्यांच्या सह्या झालेल्या. फक्त हाउसमास्टरची जागा कोरी. घडीवर घामाचा डाग पडला होता, हातात धरून धरून कागद मऊ झाला होता. मामा म्हणाले, साडेतीनपासून पेटीवर बसून होता, पावणेपाचची शेवटची एसटी आली तेव्हा उठला. पेटी टपावर चढवायला मामांनीच हात लावला.

मी डॉर्ममध्ये गेलो. त्याचा कॉट झाडून ठेवला होता. स्टोअरची चादर घडी करून उशाला, कपाटाची किल्ली खिळ्याला. रात्री मी त्या फॉर्मवर सही केली. सही करून काय होणार होतं?

तर नव्या हाउसमास्टरने करायची पहिली गोष्ट भाषण लिहिणं नव्हे. वेळापत्रक हाती आलं की एक मोठा कार्डशीट घ्या आणि तुमच्या हाउसमधल्या प्रत्येक बारावीच्या मुलापुढे चार गोष्टी लिहा: शेवटचा पेपर कोणता, किती तारखेला, न्यायला कोण येणार, गाडी किती वाजता. चौथा रकाना मुलांना बोलतं करून भरा. ‘पप्पा येणारेत’ म्हणणाऱ्या मुलाचे पप्पा येणार नसतात, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं, फक्त आपण बघायला हवं. हा तक्ता खोलीच्या भिंतीवर लावा. मग परीक्षा विभागाकडे जाऊन ड्युट्या लागण्याआधीच सांगा की अमुक तीन तारखांना मला बाहेर पाठवू नका. आधी सांगितलं तर बहुतेक वेळा ऐकतात. आदल्या संध्याकाळी सांगितलं तर नाही ऐकणार, आणि त्यांचंही बरोबर आहे. जमलंच नाही तर सहकाऱ्याशी ड्युटी बदलून घ्या. तेही नाही जमलं तर आदल्या रात्री त्या मुलाच्या कॉटवर जाऊन बसा आणि स्पष्ट सांगा की उद्या मी नाही, म्हणून आज आलोय. एवढंही पुरतं. खरंच पुरतं. घाबरू नका.

नो ड्यूजवर सगळ्यात आधी तुमची सही करून टाका. हे नियमाच्या उलट आहे असं काही जण म्हणतील. हाउसची चादर, गादी, किल्ली तुम्ही आदल्या दिवशीच तपासू शकता. फुटलेल्या बादलीसाठी मूल गेटवर ताटकळत बसता कामा नये.

आता समारंभाबद्दल थोडं. भाषण छोटं ठेवा. एकच भाषण बॅचचं नाव बदलून दरवर्षी चालवणारे लोक आहेत. मुलांना ते कळतं, कारण अकरावीत असताना त्यांनी तेच ऐकलेलं असतं. टायटल, म्हणजे प्रत्येकाला गमतीचं नाव द्यायचा कार्यक्रम असतो, त्याची यादी स्टेजवर जाण्याआधी स्वतः वाचा. एकदा एका मुलीच्या वजनावरून टायटल दिलं गेलं. सगळे हसले, तीही हसली, आणि नंतर मेसमध्ये जेवायला आली नाही. यादी मी वाचली होती का? नव्हती.

शर्टावर सह्या हा दुसरा घोळ. पांढऱ्या शर्टावर सह्या करून घेणं मुलांना फार प्रिय आहे, ते बंद करू नका. पण समारंभाच्या दिवशी करू देऊ नका. बऱ्याच मुलांकडे दोनच शर्ट असतात आणि पेपरला गणवेशात जायचं असतं. मी एका मुलाचा शर्ट परीक्षेच्या आदल्या रात्री लॅबमधून काहीबाही आणून धुतला आहे, डाग काही गेले नव्हते. सह्या शेवटच्या पेपरनंतर करा. पेन तुमच्याकडे ठेवा, आणि तुम्हीही सही करा, कॉलरच्या आतल्या बाजूला, तिथे ती जास्त टिकते.

मी नवा होतो तेव्हा एका वरिष्ठांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं: दरवर्षी ८० येतात, ८० जातात, जीव लावलास तर दहा वर्षांत रिकामा होशील. त्यांनी ते मायेनेच सांगितलं होतं, हे मला आज कळतं. पण सल्ला चुकीचा होता. न गुंतल्याने माणूस वाचत नाही, कोरडा होतो, आणि सहावीतलं रात्री रडणारं पोर सगळ्यात आधी ते ओळखतं. मला खरं शिकवलं ते आमच्या मॅट्रन मावशींनी. त्या कुठल्याही स्टेजवर बोलल्या नाहीत. त्यांच्याकडे एक वही होती. सहावीला मुलगी आली की त्या वहीत लिहायच्या, ही कशाला घाबरते, हिला काय खायला आवडतं, पहिल्या रात्री कुणाला हाक मारत होती. बारावीला ती मुलगी निघाली की तिला जवळ बसवून तिचं पान वाचून दाखवायच्या. तेवढाच त्यांचा निरोप. हा मार्ग झटपट नाही, त्याला सात वर्षं लागतात. पण तुम्ही आजपासून वही सुरू केलीत तर यंदाची सहावी बाहेर पडेल तेव्हा ती तुमच्याकडे असेल. यंदाच्या बारावीसाठी तुमच्याकडे वही नसणार, आणि त्याचं मनाला लावून घेऊ नका. त्यांच्या मित्रांना विचारा. दोन आठवणी मिळतातच.

आणखी एका मुलांच्या गटाला तर समारंभही नसतो. नववीत मायग्रेशनने हिंदी भाषिक राज्यातून आलेली मुलं. आपलीही नववीतली ३० टक्के मुलं तिकडे जातात, ती तिकडची आपल्याकडे वर्षभर राहतात आणि परत जातात. आल्यावर पहिले दोन महिने भाकरीकडे संशयाने बघतात, मार्चपर्यंत ‘काय भाऊ’ म्हणायला लागतात आणि मग एका रात्री रेल्वेने निघून जातात. कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव कुठेच नसतं. स्टेशनवर सोडायला जाणारा शिक्षक तुम्हीच व्हायला बघा. वाटेसाठी शेंगदाण्याची चटणी द्या. आमच्याकडून गेलेल्या एकाने दोन वर्षांनी फोन करून तिची रेसिपी विचारली होती.

एक वाक्य मात्र कृपा करून बोलू नका: ‘हे घर तुमचंच आहे, कधीही या.’ मुलं ते शब्दशः घेतात. मग जूनमध्ये टीसी न्यायला येतात तेव्हा गेटवर त्यांना व्हिजिटर रजिस्टरमध्ये नाव, गाव, कुणाला भेटायचं, हे लिहावं लागतं. ज्या गेटमधून सात वर्षं लाइनीत आत गेले तिथे बाहेर उभं राहून. मी एका मुलीला ‘कुणाला भेटायचं’ या रकान्यासमोर पेन धरून थांबलेली पाहिलं आहे. सुरक्षेचा नियम आहे, तो असायलाच हवा. पण हे त्यांना आधी माहीत असू द्या. त्याऐवजी हे सांगा: ऑफिस किती ते किती उघडं असतं, टीसीसाठी काय आणायचं, सुट्टीत कोण हजर असतं, तुमचा फोन नंबर कोणता. निकालाची मार्कशीट डिजिलॉकरवर येते, पण प्रवेशासाठी मूळ कागद लागतात आणि त्यासाठी गावाहून दोन फेऱ्या मारणं कुणाला परवडत नाही. माया अशा बारीक माहितीतही असते.

त्या ऊसतोडीच्या घरच्या मुलाची टीसी जूनमध्ये निघाली, मी तेव्हा सुट्टीवर गावी होतो. तो आला, घेऊन गेला. मी त्याच्यासाठी ऑफिसात नंबर ठेवला होता. ऑगस्टमध्ये फोन आला, नंबर कुणा दुसऱ्याचा होता. बीएस्सीला प्रवेश मिळाला, वसतिगृह मिळालं, ऑरगॅनिकचं कोणतं पुस्तक घेऊ, असं सगळं बोलला. मी म्हणालो, त्या दिवशी मला उशीर झाला रे. तो लगेच म्हणाला, ‘सर, तुम्ही ड्युटीवर होता ना, मला माहीत होतं.’

मी त्याला जेवणाचं सांगितलं. ड्युटी दोनलाच संपली होती, मी जेवायला थांबलो, असं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारलं, ‘काय होतं जेवायला?’ आणि मग पुस्तकाचा विषय पुन्हा काढला. मी त्याला ते पुस्तक पोस्टाने पाठवलं, आत त्याच्या नो ड्यूजच्या फॉर्मची झेरॉक्स ठेवून.

यंदाचा तक्ता माझ्या खोलीत लावलेला आहे. उद्याच्या तारखेपुढे तीन नावं आहेत. दोघांना घरचे न्यायला येणार आहेत. तिसऱ्याच्या चौथ्या रकान्यात त्याने स्वतःच्या अक्षरात ‘एसटी, ३.४५’ असं लिहिलं आहे. उद्याची बाहेरची ड्युटी मी बायोलॉजीच्या मॅडमशी बदलून घेतली आहे, आणि मेसमध्ये सांगून ठेवलं आहे की दोन ताटं झाकून ठेवा, पेपरहून आला की आम्ही दोघं बरोबरच बसू.