बोगद्यातला डायनासोर

दर शुक्रवारी मी मुंबईहून पुण्याला येते. कर्जत सोडलं की बोगदे सुरू होतात, रेंज जाते, आणि फोनवरच्या क्रोममध्ये तो राखाडी डायनासोर उभा राहतो. २०१४ पासूनचा हा खेळ. त्याच्यावर टिचकी मारा, तो धावू लागतो. पुढे काम एकच: निवडुंग आला की पुन्हा टिचकी मारून उडी.

सगळे चुकतात ते एकाच ठिकाणी. डोळे डायनासोरवर ठेवतात. तो जागचा हलत नाही हो! नजर स्क्रीनच्या उजव्या कडेला ठेवा, निवडुंग तिथूनच येतो.

दुसरं, बोट दाबून धरू नका. दाबून धरलं तर उडी उंच जाते आणि तो उशिरा खाली येतो, तोवर पुढचा निवडुंग पायाशी. हलकं टेकवून लगेच उचललंत की उडी बुटकी होते, पाय लवकर जमिनीला लागतात. तीन निवडुंगांचा जुडगा असेल तेव्हाच बोट जरा रेंगाळू द्या.

वेग वाढत जातो, म्हणून उडीही आधी-आधी घ्यायची. मी अंतर डोळ्यांनी मोजत नाही, बोटाला ठेका लावते.

पुढे पक्षी येतात. फोनवर ते दोनच उंचीवर उडतात: खालच्यावरून उडी, वरचा आला की बोट अजिबात लावायचं नाही. हे न लावणंच मला सगळ्यात जड गेलं.

शंभर गुणांना आकडा लुकलुकतो. तिकडे बघू नका.