मधुमेही मूत्रपिंडविकारात लघवीची जेलॅटिन झायमोग्राफी कशी करावी

मधुमेहात मूत्रपिंडाच्या गाळणीत कोलेजन-४ साचत जातं, तिचा पडदा जाड होतो. ते कोलेजन तोडू शकणारी एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही एन्झाइमं लघवीत किती उतरतात हे बघायला मी झायमोग्राफी करते: जेलॅटिन मिसळलेल्या जेलमधून नमुना विजेने चालवायचा, एन्झाइमं जिथे जेलॅटिन पचवतात तिथे जेल रंग धरत नाही. नवीन मुलं शिकायला आली की माझा सगळ्यात जास्त वेळ नमुन्यावर जातो, कारण तो बिघडला तर पुढचं सगळं वाया.

सकाळची, मधल्या धारेची लघवी घ्या. लगेच पट्टी बुडवून पांढऱ्या पेशी आणि रक्त तपासा. संसर्ग असेल तर तो नमुना बाजूला काढा: न्यूट्रोफिल पेशींत एमएमपी-९ ठासून भरलेलं असतं, आणि मग जेलवर दिसतो तो संसर्ग. बाटलीत ईडीटीए अजिबात नको, ते या एन्झाइमांचं झिंक आणि कॅल्शियमच ओढून घेतं. नमुना बर्फावर आणा, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, वरचं पाणी छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवा. एक नळी एकदाच वितळवायची. त्याच लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनही मोजून घ्या.

जेलच्या वेलमध्ये (नमुना भरायच्या खाचेत) किती भरायचं ते क्रिएटिनिनवरून ठरवा, एकूण प्रथिनांवरून नको. फेसाळ लघवीतलं बहुतेक प्रथिन अल्ब्युमिनच असतं; सगळ्या वेलमध्ये सारखं प्रथिन भरलंत तर त्या पेशंटचं एन्झाइम उगाच कमी दिसेल.

जेल ८ टक्क्यांचं, त्यात मिलिलीटरला १ मिलिग्रॅम जेलॅटिन. लोडिंग बफरमध्ये एसडीएस (प्रथिनांची घडी उलगडणारा डिटर्जंट) हवं, पण मरकॅप्टोइथेनॉल (प्रथिनांतले गंधकाचे बंध तोडणारं रसायन) घालू नका आणि नमुना उकळू नका. वेस्टर्न ब्लॉटची (नमुना उकळून करायच्या प्रथिन-चाचणीची) सवय असलेला हात आपोआप हीट ब्लॉककडे जातो, तेवढा आवरा. जेल थंडीत चालवा. मग २.५ टक्के ट्रायटन एक्स-१०० या सौम्य डिटर्जंटमध्ये अर्धा-अर्धा तास दोनदा धुवा. एसडीएस निघून एन्झाइम पुन्हा घडी घेतं. त्यानंतर ५० मिलिमोलर ट्रिस बफर, पीएच ७.५, त्यात ५ ते १० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, आणि ३७ अंशांवर १६ ते १८ तास. शेवटी कूमासीचा, म्हणजे प्रथिनांना चिकटणारा निळा रंग देऊन जास्तीचा रंग काढायचा.

निळ्या जेलवर ९२ किलोडाल्टनपाशी एमएमपी-९ आणि ७२ पाशी एमएमपी-२ चे पांढरे पट्टे उमटतात. १३० च्या आसपास दिसणारा पट्टा बहुधा एनगॅल या न्यूट्रोफिलमधल्या प्रथिनाला जोडलेल्या एमएमपी-९ चा. ६६ पाशी उलट गडद निळा डाग आला तर तो अल्ब्युमिनचा. एमएमपी-२ चं सक्रिय रूपही त्याच्या जवळपासच बसतं, म्हणून अशा लेनमध्ये ते मोजू नका.

आता निष्कर्ष लिहिताना मी सगळ्यात कडक असते. एसडीएसमुळे एन्झाइमाचं झोपलेलं रूपही उघडतं आणि त्याला अडवून धरणारं टिम्प सुटून जातं. त्यामुळे ठळक पट्टा म्हणजे लघवीत एन्झाइम होतं, एवढंच. मूत्रपिंडात कोलेजन जास्त तुटतंय असं त्यावरून लिहू नका; टिम्प-१ एलायझाने (अँटिबॉडी वापरून मोजायच्या चाचणीने) वेगळं मोजा. आणि पेशंटला या जेलवरून काहीही सांगायचं नाही. त्याच्यासाठी अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर आणि ईजीएफआर (मूत्रपिंड किती गाळतं याचा अंदाज) आहेत.

प्रत्येक वेळी त्याच नमुन्याच्या दोन लेन कापून वेगळ्या काढा आणि रात्रभर १० मिलिमोलर ईडीटीए घातलेल्या, कॅल्शियम नसलेल्या बफरमध्ये ठेवा. तिथेही पट्टा उमटला तर ते एमएमपी नाही; त्या पट्ट्याचे आकडे वहीत घेऊ नका.