दूध तोडलेल्या डुकराच्या पिल्लांना वनस्पतींचे अँटिऑक्सिडंट खाद्यातून कसे द्यायचे

दूध तोडल्यानंतरचा पहिला आठवडा पिल्लांना सगळ्यात जड जातो. कालपर्यंत दर तासाला आईचं कोमट दूध मिळत होतं आणि आज आई नाही, शेजारी अनोळखी पिल्लं, समोर कोरडं फीड, मग पिल्लू एक-दोन दिवस धड खातच नाही. उपाशी आतड्याच्या आतली बारीक लव आखडते, अन्न शोषायची जागा कमी होते, पेशींमधले जोड सैल पडतात, फ्री रॅडिकल (पेशींना इजा करणारे रेणू, अँटिऑक्सिडंट यांनाच आवरतात) वाढतात आणि ई. कोलाय या जिवाणूला रान मोकळं मिळतं. हगवण लागते ती इथेच.

द्राक्षाच्या बिया, ग्रीन टी, ओरेगॅनो, थाइम, हळद यातले पॉलिफेनॉल, म्हणजे वनस्पतींमधले अँटिऑक्सिडंट, इथे मदत करू शकतात. त्यातले बरेचसे रक्तात जातच नाहीत, आतड्यातच राहतात, म्हणजे काम जिथे हवं तिथेच पोचतात. युरोपियन युनियनने २०२२ मध्ये औषधी डोसमधलं झिंक ऑक्साइड बंद केलं तेव्हापासून यांची चर्चा खूप वाढलीय, पण हे झिंकसारखं हमखास हगवण थांबवणारं औषध नाही, आधार आहे एवढं धरून चाला.

सुरुवात या वनस्पतींच्या अर्काच्या पावडरने करू नका, फीडच्या पोत्यापासून करा. हात कोपरापर्यंत आत घाला, खालचं मूठभर फीड काढा आणि नाकाशी धरा. खवट वास आला, गोळे झालेले दिसले, मका हिरवट-काळा वाटला तर ते पोतं पिल्लांना नाहीच. खवट तेलातूनच ऑक्सिडेशनचा त्रास पोटात जातो आणि बुरशीचं विष आतड्याला वेगळं झोंबतं, त्यावर कितीही चांगला अर्क टाकला तरी पैसे वाया. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं.

मग एकच प्रॉडक्ट निवडा, तीन-चार एकत्र नको, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणारच नाही. ओरेगॅनो, थाइमचं तेल असेल तर कोटिंगवालं घ्या, साधं तेल आतड्याच्या वरच्या भागातच शोषलं जातं आणि फीड गरम करून गोळी बनवताना उडूनही जातं. डोस लेबलवरचाच ठेवा. टॅनिन (वनस्पतींमधला तुरट पदार्थ) जास्त झालं तर फीड तुरट लागतं, प्रथिनं आणि लोह बांधून ठेवतं, आणि पिल्लांना लोह आधीच कमी असतं. व्हिटॅमिन ई आणि सेलेनियमची गरज या अर्काने भागत नाही, ते प्रिमिक्समध्ये (फीडमध्ये घालायच्या व्हिटॅमिन-खनिजांच्या मिश्रणात) असलंच पाहिजे, पण वरून स्वतःच्या मनाने सेलेनियम वाढवू नका, ते जास्त झालं की विषारी असतं.

मिसळणं नीट करा, बहुतेक गडबड इथेच होते. समजा लेबलप्रमाणे १०० किलो फीडला ५० ग्रॅम पावडर लागते, तर ती थेट ढिगात टाकायची नाही. आधी १ किलो बारीक फीडमध्ये हाताने कालवा, ते १० किलोत, मग ते सगळं १०० किलोत. नाहीतर एका पिल्लाला चौपट आणि दुसऱ्याला काहीच नाही.

दूध साधारण २१ ते २८ दिवसांनी तोडतात, तर त्याआधी निदान आठवडाभर पिल्लांच्या क्रीप फीडमध्ये (दूध पीत असतानाच दिलं जाणारं कोरडं खाद्य) हेच घाला म्हणजे वासाची ओळख होते. तोडल्यावर फीड थोडं थोडं, दिवसातून ४-५ वेळा, उरलेलं काढून टाकायचं. पाणी भरपूर आणि चालू पाहिजे, पाण्याचं निपल दाबून बघा. जागा कोरडी आणि उबदार, २८ ते ३० अंश, कारण गारठलेलं पिल्लू काय दिलं तरी खात नाही.

जमलं तर निम्म्या पेनना (पिल्लांच्या कप्प्यांना) पावडर द्या, निम्म्यांना नको, आणि रोज सकाळी शेपटीखाली बघा: कोरडं, ओलसर की पातळ हगवणीने माखलेलं, वहीत लिहा. तोडताना आणि १४ व्या दिवशी वजन करा. मात्र पिल्लू मलूल पडलं, डोळे खोल गेले, विष्ठेत रक्त दिसलं तर पावडरची वाट बघत बसू नका, इलेक्ट्रोलाइटचं पाणी समोर ठेवा आणि लगेच पशुवैद्यकाला बोलवा.

उरलेली पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात, थंड जागी ठेवा.