पाटणादेवीच्या रानात जाण्याआधी

चाळीसगावहून पाटणादेवी साधारण १८ किलोमीटर. गौताळा-औट्रम घाट अभयारण्यात चंडिकादेवीचं नांदतं देऊळ, हेमाडपंती महादेव मंदिर, वर कन्हेरगडाची लेणी आणि एकेकाळच्या पाटण नगरीचे अवशेष आहेत. नुसतं बघायलाच जायचं असेल तर नवरात्र सोडून दिवस ठरवा. त्या दिवसांत तिथे कुळाचार करायला आलेली माणसं असतात, त्यांच्या वाटेत कॅमेरा घेऊन कशाला उभं राहायचं? आत सोडण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या वेळा वनखात्याकडे आधीच विचारून घ्या.

बूट पकड असलेले हवेत, पण झटकन काढता येतील असे. पूजा होत नसली, कुणी बघत नसलं, तरी गाभाऱ्यात पायताण नको. पाणी भरपूर घ्या आणि कचऱ्यासाठी रिकामी पिशवी ठेवा. डबा उघडा ठेवू नका, माकडं टपलेली असतात. अत्तर लावू नका, काडेपेटी घरीच राहू द्या. धुराने किंवा उग्र वासाने आग्या मोहोळ उठलं तर पळायला जागा नाही; शिवाय उन्हाळ्यात वाळल्या गवताला एक ठिणगी पुरते. नारळ-उदबत्ती करायचीच तर चंडिकेच्या देवळात, तिथल्या पुजाऱ्यांना विचारून.

विजेरी मात्र विसरू नका. झिजलेली अक्षरं वाचायला लोक खडू, पीठ, तेल, हाताला लागेल ते चोळतात आणि उरलंसुरलंही घालवतात. उजेड समोरून न टाकता बाजूने तिरपा टाका, अक्षरं आपोआप उठून दिसतात. पाटणच्या लेखांचं मोल तरी केवढं! गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला. शके ११२८ चा उल्लेख असलेला तो लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्यात शेवटी मराठी आहे: बाजारातल्या मालावरचा राजाचा कर मठाला दिला आणि दर घाण्यामागे पळीभर तेलही नेमून दिलं. गणिताच्या शाळेचा खर्च तेल्यांच्या घाण्यांवर! हे वाचून गेलात तर बघायला डोळा येतो.

हेमाडपंती बांधणीत चुना नसतो. दगड एकमेकांत बसवलेले, वजनावर तोललेले असतात. म्हणून फोटोसाठी चौथऱ्याच्या कडेवर किंवा खांबांवर चढू नका. पडलेला दगड उचलून 'नीट' ठेवायलाही जाऊ नका, तो कुठे पडलाय त्यावरूनच जाणकारांना मूळ जागा कळते. दगडांच्या उतरंडी रचणं तर मुळीच नको. आणि नाव कोरायची खुमखुमी असलेला मित्र सोबत असेल, तर त्याला निघण्याआधीच सांगा: १९५८ च्या पुरातत्त्व कायद्याखाली संरक्षित वास्तूची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतं.

बिबट्याचं रान आहे, दिवस मावळायच्या आत बाहेर पडा. पितळखोऱ्याची लेणीही त्याच दिवशी उरकायचा मोह होईल. त्यांना वेगळा दिवस द्या.