जुनी बोट घेताय? इंजिन थंड असतानाच गाठा

बोट बघायला गेलेला माणूस आधी रंग बघतो, फायबर ठोकून बघतो, केबिनमध्ये डोकावतो. इंजिनाची पाळी शेवटी येते, आणि तीही 'जरा चालू करून दाखवा' एवढ्यावर भागते. खरे तर बोटीत सगळ्यात महाग आणि सगळ्यात सहज झाकता येणारी वस्तू तीच. मरीन डिझेल इंजिन दोन वेळा नीट बघता येते: पूर्ण थंड असताना, आणि पूर्ण भार घेऊन बराच वेळ चालल्यावर. विकणारा नेमक्या याच दोन वेळा टाळू बघतो.

गोव्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मालीम, कुटबण, वास्कोचा खारीवाडा, या सगळ्या मासेमारी जेट्ट्यांवर ट्रॉलर बांधून ठेवलेले असतात आणि मालकांना वेळही असतो. पण तेव्हा समुद्र खवळलेला, चाचणी घ्यायची कुठे? शक्य असेल तर मे महिन्यातच, इंजिन रोजच्या कामात असताना बघून घ्या. बंदीतच घ्यायची असेल तर थोडा विसार द्या आणि 'चाचणी पास झाली तरच उरलेले पैसे' अशी अट लिहून घ्या.

पोहोचल्या पोहोचल्या सिलिंडर ब्लॉकला हात लावा. कोमट लागला तर मालकाने आधी चालवून ठेवले आहे. वाद न घालता 'उद्या सकाळी येतो, तोवर सुरू करू नका' म्हणा. आणखी एक गोष्ट आदल्या दिवशीच फोनवर सांगून ठेवा: इंजिन ऑइल बदलू नका. डिझेल इंजिनात ऑइल काही तासांतच काळे होते, तेव्हा डिपस्टिकवर मधासारखे स्वच्छ तेल दिसले तर ते नुकतेच ओतलेले. जुन्या तेलाचा पुरावा असा का पुसला, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. तेल दुधाळ चहासारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे. हेड गॅस्केट, ऑइल कूलर किंवा त्याहून वाईट काही. मिस्त्रीने 'किरकोळ आहे' म्हटले तरी तिथेच थांबा.

आता टॉर्च आणि छोटा आरसा घ्या. नवा कोरा रंग दिसला की नटबोल्ट बघा. रंगाच्या कडा तुटलेल्या असतील तर ते अलीकडेच उघडले गेले आहेत. समुद्राचे पाणी ओढणाऱ्या पंपाखाली वाकून बघायला विसरू नका. पंपाच्या पोटाला एक बारीक छिद्र असते, सील गेले की पाणी तिथून ठिबकते. तिथे मिठाचा पांढरा थर किंवा गंजाचा ओघळ असेल तर पाणी बेअरिंगपर्यंत पोहोचायला फार वेळ नाही. हीट एक्स्चेंजरमधले (समुद्राच्या पाण्याने इंजिनाचे पाणी थंड करणारा भाग) झिंक, म्हणजे गंज स्वतःवर घेऊन झिजणारा जस्ताचा तुकडा, काढायला लावा. पूर्ण संपलेले निघाले तर देखभाल कशी होती ते कळले. एक्झॉस्टमध्ये समुद्राचे पाणी सोडलेले असेल तर तिथला कोपर, म्हणजे एल्बो, होज काढून आतून बघा. तो आतून कुजला की पाणी उलट सिलिंडरमध्ये उतरते, आणि मग इंजिन गेलेच.

आता स्टार्ट करा. आपल्याकडे थंडी अशी नसतेच, त्यामुळे 'सकाळी जरा वेळ घेते' हे कारण इथे चालत नाही. निरोगी इंजिन सेल्फच्या एक-दोन फेऱ्यांत धरते. पांढरा धूर क्षणभर आला तर ठीक; गरम झाल्यावरही आला तर नोझल (डिझेल फवारणारे तोंड) खराब, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कमी किंवा सिलिंडरमध्ये पाणी. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा भार जास्त. इंजिन हळू चालत असताना ऑइल भरायचे झाकण सैल करून उलटे ठेवा (पट्ट्यापासून हात आणि ओढणी दूर!). हलकी वाफ चालते, झाकण ठकठक उडू लागले तर पिस्टन रिंगा झिजल्या आहेत.

जेट्टीवर बांधून घेतलेली चाचणी मी चाचणीच मानत नाही. मांडवी नदीत बाहेर पडा. इंजिन गरम झाल्यावर मोकळी जागा बघून पूर्ण थ्रॉटल द्या आणि पंधरा-वीस मिनिटे तसेच ठेवा. मालक कुरकुर करील, करू द्या. इंजिनाच्या प्लेटवर लिहिलेले आरपीएम (मिनिटाला फेरे) गाठले पाहिजेत. रिकाम्या ट्रॉलरने तर सहज, कारण त्याचा पंखा (प्रोपेलर) जाळे ओढायच्या हिशेबाने बसवलेला असतो. आरपीएम कमी पडले आणि धूर काळा असेल तर भार जास्त किंवा हवा कमी: तळाला शिंपले चिकटलेले, पंखा मोठा, टर्बो किंवा एअर फिल्टर खराब. आरपीएम कमी पण धूर नाही, तर डिझेल पुरेसे पोहोचत नाही. वेगासाठी जीपीएसवर भिस्त ठेवू नका, भरती-ओहोटी त्यात बेमालूम मिसळते. बघायचाच असेल तर दोन्ही दिशांनी बघा. तापमानाचा काटा एका जागी स्थिर राहायला हवा.

परतल्यावर इंजिन बंद करून लगेच पुन्हा सुरू करा. गरम असताना अडून बसले तर डिझेल पंप किंवा कॉम्प्रेशन थकले आहे. गिअरबॉक्सचे तेल बोटावर घेऊन वास घ्या. जळका असेल तर क्लच प्लेट घसरते आहे.

महाग बोट असेल तर याच वेळी, तेल गरम असताना, नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवा. सोडियम वाढले असेल तर समुद्राचे पाणी किंवा कूलंट, लोखंड वाढले तर लायनर वा गिअर, तांबे-शिसे वाढले तर बेअरिंग. तेल किती तास चालले हे मात्र विचारून लिहून घ्या, त्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही.

शेवटी ब्लॉकवर कोरलेला इंजिन नंबर नोंदणीच्या कागदाशी ताडून बघा. इंजिन मध्येच बदललेले असते आणि कागद जुनाच असतो, असे सर्रास आढळते. नोंदणी पर्यटक बोटीची कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे (बंदर खाते), मासेमारी बोटीची मत्स्योद्योग खात्याकडे. तिथे नंबर जुळत नसेल तर तो दुरुस्त करून देण्याची जबाबदारी विसाराच्या कागदावर विकणाऱ्याच्या नावाने लिहा.